यंत्र आणि त्याची सोबत : प्रकल्प नोंदी

६ जानेवारी

कामाला सुरुवात. नातेवाइकांकडून आणि ओळखीच्या घरांतून जमवलेली यंत्रं एका खोलीत मांडली आहेत: कॅसेट प्लेअर, डायलचा टेलिफोन, पिक्चर ट्यूबचा टीव्ही, व्हीसीआर, रोलचा कॅमेरा, टाइपरायटर, फ्लॉपी ड्राइव्ह. बहुतेक बंद पडलेली. प्रत्येक यंत्र चालू करायचं आणि ते चालत असताना त्याची नोंद करायची, एवढाच हेतू. काचेच्या कपाटातला बंद टेपरेकॉर्डर बघून आजच्या शाळकरी मुलाला त्यातलं काहीच कळत नाही. झाकण उघडं ठेवून बटण दाबलं आणि फीत ती वाचणाऱ्या हेडवरून सरकताना दिसली, की मिनिटभरात सगळं लक्षात येतं.

फोटो आणि ध्वनिमुद्रण भाचीकडे. विजेच्या कामाला शेजारचे काका, ज्यांची उमेदीची सगळी वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्त करण्यात गेली. वहीत सध्या चार रकाने आखले: नाव, साल, कसं चालतं, काय दुरुस्त केलं.

९ जानेवारी

कॅसेट प्लेअर उघडला. मोटर फिरते, फीत हलत नाही. कारण नेहमीचंच: आतल्या रबरी पट्ट्याचा चिकट काळा लगदा झालाय. यंत्र वापरलं नाही तरी वयानं आणि हवेतल्या ओलाव्यानं हे रबर विघटतं. पुलीच्या खाचांतून तो लगदा आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्यांनी काढण्यात दुपार गेली. इथे घाई चालत नाही. खाचेत कणभर लगदा राहिला तरी नवा पट्टा त्या जागी दर फेरीला उचलला जातो आणि आवाज डुलायला लागतो.

पट्टा निवडायची रीत लिहून ठेवते, कारण ती कुठल्याही माहितीपत्रकात नसते. जुन्या पट्ट्याचा घेर मोजता येण्याजोगा उरला नसेल, तर सगळ्या पुलींभोवती दोरा फिरवायचा, त्याची लांबी घ्यायची आणि त्याहून पाच ते दहा टक्के कमी घेराचा पट्टा बसवायचा. फार आवळला तर मोटरच्या बुशवर (दांडा ज्यात फिरतो त्या कड्यावर) जोर येतो, सैल राहिला तर घसरतो.

१३ जानेवारी

प्लेअर वाजला!

फीत रिळं ओढतात असं बहुतेकांना वाटतं. पण रिळावर फीत जमत जाते तसा त्याचा घेर वाढतो. वेग रिळानं ठरवला असता तर तो सतत बदलत राहिला असता. म्हणून वेग ठरवायचं काम कॅप्स्टन नावाची बारीक पोलादी दांडी करते. रबरी रोलर फितीला या दांडीवर दाबून धरतो आणि फीत सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर या ठरलेल्या वेगानं पुढे जाते. म्हणजे सी-६० कॅसेटच्या एका बाजूच्या अर्ध्या तासात सुमारे ८६ मीटर फीत हेडसमोरून जाते. या फितीची रुंदी फक्त ३.८१ मिलिमीटर. तेवढ्यात आवाजाचे चार पट्टे, प्रत्येक बाजूला दोन. स्टिरिओचे डावा-उजवा पट्टे मुद्दाम शेजारी ठेवलेत, त्यामुळे साध्या मोनो प्लेअरचं हेड ते दोन्ही एकदम वाचतं. स्वस्तातल्या स्वस्त प्लेअरवरही नवी स्टिरिओ कॅसेट बिनतक्रार वाजावी, हा विचार ज्यांनी केला त्यांच्याबद्दल मला फार आदर वाटतो.

ही कॅसेट फिलिप्सनं १९६३ मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात आणली. लू ओटेन्स या अभियंत्यानं आधी कोटाच्या खिशात मावेल असा लाकडी ठोकळा बनवून घेतला होता आणि यंत्राचं माप त्यावरून ठरवलं होतं. पुढे कंपनीनं ही रचना इतर उत्पादकांना मोफत वापरू दिली, म्हणून जगात कुठेही भरलेली कॅसेट कुठल्याही प्लेअरमध्ये बसते. माझ्या मते त्या ठोकळ्याइतकाच हा निर्णय मोठा.

नंतर हेडच्या बाजूचा स्क्रू बारीक पेचकसानं किंचित फिरवला. हेड फितीला अगदी काटकोनात नसेल तर आवाज दबका, पांघरुणाआडून आल्यासारखा येतो. स्क्रू जागेवर आला की ‘स’ आणि ‘श’ एकदम मोकळे ऐकू येतात. कॅसेट ज्या यंत्रावर भरली त्याचं हेड जसं तिरकं असेल तसं आपलंही करावं लागतं, त्यामुळे घरगुती मुद्रणाला प्रत्येक कॅसेटगणिक हा स्क्रू बघायचा.

भाचीनं एक गोष्ट पकडली. एका घरगुती मुद्रणात वाक्य सुरू व्हायच्या आधी तेच वाक्य अगदी क्षीण ऐकू येतं. “मावशी, माणूस बोलायच्या आधीच त्याचं बोलणं कसं ऐकू येतं?” फीत वर्षानुवर्षं गुंडाळलेली राहिली की एका थराचं चुंबकत्व लगतच्या थरावर थोडंसं उतरतं. एका वेढ्याला जितका वेळ लागतो तितकं अंतर त्या दोन आवाजांत पडतं: रिळाच्या गाभ्याजवळ दीड सेकंद, भरलेल्या रिळाच्या कडेला तीन सेकंद. आम्ही घड्याळ लावून पाहिलं, जुळतं. फीत जितकी पातळ तितकं हे जास्त. नेहमीच्या कॅसेटींमध्ये दोन तासांच्या सी-१२० ची फीत सर्वांत पातळ. गुंतून तुटण्यातही तिचाच पहिला नंबर.

२१ जानेवारी

डायलचा टेलिफोन. यात दुरुस्त करण्यासारखं जवळजवळ काही निघालं नाही. बोट घालून चकती अडणीपर्यंत फिरवायची आणि सोडायची. चकती स्प्रिंगच्या जोरावर परत येते आणि येताना लाइनचा संपर्क तितक्या वेळा तोडते: १ ला एकदा, ५ ला पाचदा, शून्याला दहादा. (न्यूझीलंडमध्ये आकड्यांचा क्रम उलटा होता, स्वीडनमध्ये शून्याला एकच ठोका.) वेग सेकंदाला दहा ठोके, आणि तो राखतो चकतीमागचा छोटा गव्हर्नर. चकती जोरात यायला लागली की त्याची वजनं बाहेर फेकली जाऊन कडेला घासतात आणि वेग आवरतात. काकांनी या गव्हर्नरला तेलाचा एकच थेंब दिला, तोही सुईच्या टोकानं. “जास्त दिलंस तर घासणार काय आणि आवरणार काय?” असं म्हणाले.

ठोके मोजून जोडणी करणाऱ्या स्वयंचलित एक्सचेंजचं पेटंट आल्मन स्ट्रोजर यांना १८९१ मध्ये मिळालं. पेशानं ते अंत्यविधीची व्यवस्था करणारे होते. त्यांची रचना वापरणारं पहिलं एक्सचेंज १८९२ मध्ये अमेरिकेत ला पोर्ट गावी सुरू झालं. डायलच्या त्या ठोक्यांची खूण आजच्या क्रमांकांतही आहे. अमेरिकेत १९४७ मध्ये विभागांचे क्रमांक ठरवताना ज्या शहरांना जास्त फोन येतात त्यांना कमी ठोक्यांचे आकडे दिले गेले: न्यूयॉर्कला २१२, लॉस एंजेलिसला २१३, शिकागोला ३१२. २१२ म्हणजे फक्त पाच ठोके. चकतीवर फिरणाऱ्या बोटांचा वेळ वाचावा म्हणून निवडलेले हे आकडे चकती गेल्यावरही तसेच आहेत.

चोंग्यात आवाज खरखरत होता. त्यात कार्बनचे कण भरलेले असतात. बोलण्याच्या दाबानं ते कमी-जास्त आवळले जातात आणि प्रवाह तसा बदलतो. पडून राहिल्यावर कण एकमेकांत बसतात. काका म्हणाले, “तळहातावर दोनदा आपट, अगं घाबरू नकोस.” आपटला, आवाज साफ झाला.

मग फोन आताच्या फायबर इंटरनेटच्या डब्याला जोडला. बाहेरून फोन केला तर घंटा खणखणली आणि बोलणंही स्वच्छ झालं. इथून क्रमांक फिरवला तेव्हा मात्र काहीच घडलं नाही. ठोके बरोबर जात होते. मल्टिमीटरवर तुटणं-जुळणं दिसत होतं. पलीकडे ते मोजणारं कुणी उरलेलं नाही. तो डबा फक्त बटणांचे सूर ओळखतो, म्हणजे १९६३ मध्ये आलेली दोन-दोन सुरांची पद्धत. ठोक्यांचे सूर करून देणारं छोटं सर्किट मागवलं आहे.

२२ जानेवारी

कालच्या फोनमुळे वहीत पाचवा रकाना आखला: सोबत. फोन धडधाकट आहे, तरी तो कालबाह्य आहे, कारण त्याचं ऐकणारं एक्सचेंज गेलं. कॅसेट प्लेअरची सोबत म्हणजे पट्टा आणि फीत. टीव्हीची सोबत प्रक्षेपण, कॅमेऱ्याची रोल, सेल आणि रोल धुणारी प्रयोगशाळा. यंत्र नुसतं जपून ठेवल्यानं ते जपलं जात नाही. यापुढे प्रत्येक यंत्राला आधी हा एकच प्रश्न विचारायचा: तुझी सोबत कुठे आहे?

३० जानेवारी

टीव्ही. मागचं झाकण काकांनीच काढलं, मला हात लावू दिला नाही. रंगीत पिक्चर ट्यूबला वीस हजार व्होल्टच्या वर दाब लागतो आणि बंद केल्यावरही तो ट्यूबमध्ये टिकून राहू शकतो. ज्याला हे काम येत नाही त्यानं हे झाकण काढूच नये, असं वहीत लाल शाईनं लिहिलं आहे.

वीज दिल्यावर पडद्यावर मुंग्या आणि खरखर. भाची कानावर हात ठेवून म्हणाली, “काहीतरी बारीक शिट्टी वाजतेय.” मला आणि काकांना काही ऐकू येईना. तिचं बरोबर आहे. चित्राच्या ६२५ ओळी सेकंदाला २५ वेळा आखल्या जातात, म्हणजे सेकंदाला १५,६२५ ओळी. ओळी आखणारा ट्रान्सफॉर्मर त्याच कंपनसंख्येनं बारीक आवाज करतो. वय वाढलं की कान हा सूर सोडून देतो. तिनं मुद्रण केलं आणि संगणकावर आलेख काढला, तेव्हा नेमक्या त्या जागी उभी रेघ होती.

मुंग्यांबद्दलही लिहून ठेवायला हवं. अँटेनाला केंद्र सापडलं नाही की टीव्ही जे मिळेल ते दाखवतो: आसपासच्या उपकरणांचा गोंगाट, स्वतःच्या सर्किटमधला गोंगाट, आणि त्यातला छोटासा अंश विश्वाच्या आरंभापासून उरलेल्या सूक्ष्मलहरींचा. पेन्झियास आणि विल्सन या शास्त्रज्ञांना १९६४-६५ मध्ये अँटेनात सापडलेला आणि पुढे १९७८ चं नोबेल मिळवून देणारा गोंगाट तो हाच. घराघरांतला टीव्ही तो दाखवत होता. नवे टीव्ही संकेत नसला की कोरा पडदा दाखवतात, त्यामुळे मुंग्या पाहिलेली पिढी आता थांबली.

सोबतीचा रकाना मात्र रिकामा. ॲनालॉग प्रक्षेपण बंद करण्यात लक्झेंबर्ग पहिलं, २००६ मध्ये. अमेरिकेतली पूर्ण शक्तीची केंद्रं १२ जून २००९ रोजी थांबली, ब्रिटनचं काम २४ ऑक्टोबर २०१२ ला संपलं.

५ फेब्रुवारी

टीव्हीला सोबत मिळाली, तीही खोलीतच. व्हीसीआरच्या मागे अँटेनाची तार लावायची जागा असते. त्यातून तो स्वतःच एका चॅनलवर बारीकसं प्रक्षेपण करतो. तार जोडली, टीव्हीचा चॅनल जुळवला, आणि चित्र आलं. दोन्ही यंत्रांना बाहेरच्या जगातून आता काहीच मिळत नाही, पण एकमेकांना पुरेसं देतात. आजचा दिवस फार आनंदाचा.

व्हीसीआर हे यंत्रच मन लावून बघण्यासारखं आहे. वरचं झाकण काढून टेप आत घातली. दोन खांब पुढे येऊन फीत बाहेर ओढतात आणि तिरक्या ढोलाभोवती अर्ध्या वेढ्यानं बसवतात. ढोलाचा व्यास ६२ मिलिमीटर. ६२५ ओळींच्या पद्धतीत तो मिनिटाला १,५०० फेरे घेतो, म्हणजे एका फेरीत एक पूर्ण चित्र. ढोलावरची दोन हेडं आळीपाळीनं अर्धं-अर्धं चित्र वाचतात. चित्राला आवाजापेक्षा कितीतरी अधिक माहिती लागते, म्हणून हेडसमोरून फीत वेगानं जायला हवी: सेकंदाला पावणेपाच-पाच मीटर. इतक्या वेगानं फीत सरळ पळवली असती तर तीन तासांच्या एका चित्रपटाला पन्नास किलोमीटरहून जास्त फीत लागली असती! त्याऐवजी फीत सेकंदाला जेमतेम २.३४ सेंटिमीटर सरकते आणि हेड तिच्यावर तिरक्या रेघा ओढत पळतं. सुमारे अडीचशे मीटरमध्ये काम होतं. ट्रॅकिंगचं बटण कशासाठी होतं, तेही इथे उलगडतं: हेड नेमक्या त्या तिरक्या रेघेवर यावं यासाठी.

जेव्हीसी कंपनीची व्हीएचएस ही व्हिडिओ टेपची पद्धत १९७६ मध्ये आली, सोनीची बेटामॅक्स त्याआधी वर्षभर. जपानच्या फुनाई कंपनीनं जुलै २०१६ मध्ये व्हीसीआर बनवणं थांबवलं. सुटे भाग मिळेनासे झाले, हे एक कारण होतं. म्हणजे कारखान्यालाही यंत्राची सोबत मिळेना.

८ फेब्रुवारी

टाइपरायटर. धूळ काढली, अडकलेल्या दांड्या मोकळ्या केल्या, लगेच चालू. फितीची रुंदी अर्धा इंच, योगायोगानं व्हीएचएसइतकीच, आणि अशी फीत अजून बनते. या इंग्रजी यंत्रावर १ ची कळच नाही. त्याजागी छोटं ‘एल’ वापरायचं. उद्गारचिन्हही नाही: आधी पूर्णविराम, मग एक घर मागे येऊन वर एकेरी अवतरणाची खूण. ही हाताची सवय भाचीनं चित्रित केली.

१६ फेब्रुवारी

कॅमेरा. शटर पूर्ण यांत्रिक, सेलशिवाय चालतं. आतल्या प्रकाशमापकाला मात्र १.३५ व्होल्टचा पाऱ्याचा सेल लागायचा. पाऱ्याच्या सेलचा दाब संपेपर्यंत जवळजवळ तेवढाच राहतो, म्हणून मापकाच्या रचनेत दाब स्थिर ठेवायची वेगळी सोय केलीच नव्हती. पारा विषारी, त्यामुळे हे सेल बंद झाले आणि ते योग्यच झालं. त्या मापाचा अल्कलाइन सेल १.५ व्होल्टचा आणि वापरासरशी उतरत जाणारा, त्यामुळे मापक चुकीचा प्रकाश सांगतो. कानाच्या यंत्राचा झिंक-एअर सेल १.४ च्या आसपास स्थिर राहतो. धातूचं कडं लावून तो बसवला. आज मापक दुसऱ्या कॅमेऱ्याशी ताडून पाहिला, काटा बरोबर येतोय. हा सेल हवा लागल्यावर काही आठवड्यांत संपतो, हेही वहीत घातलं.

कॅमेऱ्याबरोबर आलेल्या डबीत एक न धुतलेला कोडाक्रोम रोल निघाला. बहुतेक रंगीत रोलांमध्ये रंग घडवणारी द्रव्यं फिल्ममध्येच असतात. १९३५ पासून बनणाऱ्या कोडाक्रोममध्ये ती नसत. धुताना टप्प्याटप्प्यानं घालावी लागत. हे किचकट काम करणारी जगातली शेवटची प्रयोगशाळा अमेरिकेत कॅन्ससमधल्या पार्सन्स गावी होती आणि तिनं ३० डिसेंबर २०१० नंतर रोल घेणं थांबवलं. या रोलवर कुणाचे तरी चेहरे आहेत. ते आता कृष्णधवल धुता येतील. रंग परत येणार नाहीत. रोल थंड जागी ठेवला आहे आणि ज्यांचा आहे त्यांना कळवलं आहे, काय करायचं ते त्यांनी ठरवावं. आजची ही नोंद लिहिताना वाईट वाटलं.

२४ फेब्रुवारी

फ्लॉपी. साडेतीन इंची, दोन बाजू, प्रत्येकीवर ८० वर्तुळं, प्रत्येक वर्तुळात १८ भाग, प्रत्येक भागात ५१२ बाइट. गुणाकार १४,७४,५६०. आजचा एक साधा फोटोही यात मावत नाही. यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह मिळाल्यानं बहुतेक वाचल्या गेल्या. काहींवर वाचता न येणारे भाग आहेत. पुन्हा पुन्हा वाचल्यावर त्यातले थोडे सुटतात. फायली निघाल्या तरी काही उघडेनात, कारण त्या ज्या प्रोग्रॅममध्ये लिहिल्या तो आता नाही. सोबतीच्या रकान्यात आता दोन ओळी लागतात: वाचणारं यंत्र आणि उघडणारा प्रोग्रॅम.

याबाबत दोन उदाहरणं भाचीला सांगितली. इंग्लंडमध्ये १०८६ साली देशभरातल्या जमिनींची मोजदाद झाली, तिचं डूम्सडे पुस्तक आजही वाचता येतं. त्याला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीनं लोकांकडून माहिती आणि फोटो जमवून नवं डूम्सडे लेझर डिस्कवर काढलं. पंधरा-सोळा वर्षांत ती डिस्क वाचणारी यंत्रं इतकी दुर्मिळ झाली, की संगणकावर त्या यंत्राची हुबेहूब नक्कल उभारून मजकूर वाचवावा लागला.

दुसरं उदाहरण उलट. १९६६-६७ मध्ये लूनर ऑर्बिटर यानांनी चंद्राची जी छायाचित्रं पाठवली, त्यांच्या मूळ टेपा नासाच्या नॅन्सी इव्हान्स यांनी टाकून देऊ दिल्या नाहीत. त्या वाचणारी अँपेक्स कंपनीची अवजड यंत्रंही त्यांनी वर्षानुवर्षं स्वतःच्या गॅरेजमध्ये सांभाळली. त्यामुळे २००८ मध्ये चंद्राच्या क्षितिजावर उगवणारी पृथ्वी त्या टेपांवरून नव्यानं, पूर्वीपेक्षा कितीतरी स्पष्ट मिळाली. टेप जपणारे पुष्कळ असतात. टेपबरोबर यंत्र जपायला हवं हे ओळखणारी ती बाई मला थोर वाटते.

३ मार्च

फोनचं सर्किट आलं. जोडलं. डायल फिरवून भाचीनं तिच्या आईला फोन लावला. शून्य दोनदा होता, त्यामुळे वेळ लागला. ती चकती परत येईपर्यंत थांबायला तयार नव्हती, बोटानं ढकलत होती. काकांनी तिला तिथल्या तिथे थांबवलं: “तिची ती येऊ दे. ढकललीस तर ठोके चुकतात.”

९ मार्च

मुद्रणांची प्रत काढायचा क्रम आज ठरला. यंत्र किती जुनं, हे पाहिलं नाही. कुणाची सोबत आधी संपणार, ते पाहिलं.

सर्वांत आधी व्हीएचएस. हेडं झिजतात आणि नवी मिळत नाहीत, त्यामुळे प्रत्येक टेप एकदाच, पूर्ण, प्रत काढतानाच चालवायची. मजा म्हणून टेप लावणं बंद. त्यानंतर फ्लॉपी. ज्या एकदा वाचल्या गेल्या त्यांची प्रत दोन ठिकाणी. मग कॅसेट: पट्टे आणि रोलर मिळतात, फीतही बरी आहे. टाइपरायटर आणि टेलिफोनला घाई नाही. धातू आहे, तेल-पाण्यावर राहील. त्यांची हाताची सवय चित्रित झालीच आहे.

उद्या पहिली टेप. आधी टेपच्या पारदर्शक खिडकीतून रिळाच्या कडेवर पांढरी बुरशी नाही ना ते बघायचं. असली तर ती टेप यंत्रात घालायची नाही, हेडं खराब होतात आणि बुरशी पुढच्या टेपांना लागते. स्वच्छ असेल तर एकदा टोकापर्यंत पुढे आणि एकदा मागे फिरवून घ्यायची, म्हणजे चिकटलेले थर सुटतात आणि ताण सारखा होतो. मगच प्ले.